गाळलेली ओळ

फिलूमाय प्रार्थना सांगताना एक ओळ गाळायची.

अंधेरीहून आरे कॉलनीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आमचं गावठाण. त्याच्या मधोमध चुना लावलेला एक क्रूस, पायथ्याशी मेणबत्त्यांचं मेण साचून साचून काळा पडलेला. मे महिन्यात रोज आणि एरवी सणासुदीला, संध्याकाळी तिथे माणसं जमायची. पुढे उभं राहून प्रार्थना सांगायचा मान फिलूमायचा. लाल चौकड्यांचं लुगडं, अंबाड्यात फूल आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली कोंबडीही दचकावी. ‘आमच्या अपराधांची आम्हांला क्षमा कर’ इथपर्यंत ती खणखणीत म्हणायची. मग ‘जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ ही ओळ आली की तिचं तोंड मिटायचं. लोक ती ओळ जरा मोठ्यानेच म्हणून टाकायचे, आणि त्याच्या पुढच्या शब्दाला फिलूमाय पुन्हा हजर व्हायची.

मी देवगडची, हिंदू. तिच्या देवाने कोणती ओळ म्हणून घ्यावी नि कोणती सोडून द्यावी, यात मी नाक खुपसायचं काही कारण नव्हतं. पण मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण. जन्मभर पोरांकडून गाळलेल्या जागा भरून घेतल्या. डोळा नेमका तिथेच जातो.

अर्थात आम्ही तिच्याकडे राहायला आलो तेव्हा ती ओळ शाबूत होती. ऐंशी साल नुकतंच उजाडलं होतं आणि आमचं लग्न नवं होतं. फिलूमायच्या घराची मागची खोली आम्ही भाड्याने घेतली. मधे लाकडी फळ्यांची भिंत, म्हणजे तिकडे कढईत मासा पडला की इकडे आमच्या तोंडाला पाणी. पहिल्या दिवशी मी अदबीने “तुम्ही” म्हणायला गेले तर म्हणाली, “मना तुमी म्हणू नको गं. मी काय फौजदार हाय? भाडं उशिरा दिलंस तर चालेल. खोटं बोललीस तर नाय चालणार.” मला वाटलं, सगळ्याच घरमालकिणी असं म्हणतात.

देवाशी आणि संतांशी तिचं वागणं घरच्यासारखं होतं, म्हणजे भांडणाचं. हरवलेली वस्तू शोधून देणं हे सांत आंतोनचं काम, असं त्या लोकांत मानतात. तिच्या घरात त्याचा एक वीतभर पुतळा होता. काही हरवलं की फिलूमाय त्याचं तोंड भिंतीकडे फिरवायची. “शोधून दे, मग बघ इकडं.” कोंबडी सापडली की पुतळा पुन्हा सरळ, वर एक मेणबत्ती. एकदा माझी कानातली कुडी हरवली तेव्हा माझ्यासाठीही तिने त्या बिचाऱ्याला दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. कुडी पिठाच्या डब्यात मिळाली. आता श्रेय कुणाला द्यायचं?

तिचे मुलगे दोन. थोरला मिंगेल आरेच्या तबेल्यात कामाला होता आणि उरलेल्या वेळात शेती करायचा. अबोल माणूस. बोलला तर भातावर बोलायचा. धाकटा आंतोन, त्या संताच्याच नावाचा. सांताक्रूझला विमानतळावर नोकरी, कडक इस्त्रीची पँट आणि तोंडात सदा गंमत. “वहिनी, आज भांडण नाय ऐकू आलं. तब्येत बरी हाय ना?” असं फळ्यांपलीकडून विचारायचा. मला दोघेही आवडायचे, आंतोन जरा जास्त. तो सगळ्यांनाच जरा जास्त आवडायचा.

गावठाणातल्या बहुतेकांनी शेतं बिल्डरांना विकली होती. फिलूमायचा एक तुकडा तेवढा शिल्लक होता. नवऱ्यामागे तो तिच्या नावावर झालेला. मिंगेलला तो हवा होता आणि आंतोनला विकायचा होता. घरात दुसरा विषय नसे. आम्ही फळ्यांच्या अलीकडे ताटं वाजवायचो, ऐकू येत नाही असं दाखवायला.

त्यांच्यात आगेरा म्हणून सण असतो. पावसाळा सरता सरता नव्या भाताची पहिली पेंढी कापून, रिबिनी बांधून, बाजा लावून देवळात नेतात. पाद्री तिच्यावर आशीर्वादाचं पाणी शिंपडतो. मगच नवा भात घरात शिजतो. आमचं नवान्नच म्हणा. त्या सणाच्या आदल्या दिवशी मिंगेलने आईला विचारलं. मी भाकऱ्या थापत होते, प्रश्न स्पष्ट ऐकू आला.

“माय, आंतोन म्हणतो व्यवहार झाला. तू अंगठा दिलास काय?”

“नाय,” फिलूमाय म्हणाली.

तिने तो महिन्याभरापूर्वीच दिला होता. आंतोनने गळ्यात हात टाकून, लाडीगोडी लावून घेतला होता आणि सांगितलं होतं, मिंगेलला मी हळूहळू समजावतो, तू एवढ्यात बोलू नको. तिने धाकट्याचं ऐकलं. आया ऐकतात.

सणाच्या सकाळी सगळं गाव देवळात असताना बिल्डरची माणसं येऊन शेतात खुंट्या ठोकून गेली. भात पायांखाली तुडवला गेला. देवळातून परतताना मिंगेल आणि फिलूमाय तसेच शेतावर गेले. पेंढी कापलेला विळा मिंगेलच्या हातातच होता. बांधावर आंतोन उभा. तो हसत म्हणाला, “मना काय विचारतोस? मायनेच अंगठा दिलाय. विचार ना तिला.” मिंगेलने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. तिने मान वर केली तेव्हा मिंगेलने विळा उगारला होता; आंतोन जागचा हललाही नाही, तिथेच पडला.

हे सगळं मला कोर्टात कळलं, तिच्याच तोंडून. पाहायला तिच्याशिवाय कोणी नव्हतं. मिंगेल पोलीस येईपर्यंत बांधावर बसून राहिला आणि त्यानंतर कुणाशीच काही बोलला नाही.

पुढच्या रविवारी पाद्रीबाबांनी काईन आणि आबेल यांची गोष्ट सांगितली. पहिल्या आईबापांचे हे दोन मुलगे. एक शेत करणारा, एक मेंढरं राखणारा. दोघांनी देवाला भेट आणली, एकाची रुजू झाली, दुसऱ्याची झाली नाही, आणि शेत करणाऱ्याने भावाला शेतात नेऊन मारलं. मी फिलूमायला धरून देवळात नेलं होतं, म्हणून ऐकलं. बाबा चांगले होते, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण कुणापुढे काय सांगावं हे शिकलेल्या माणसाला कळतंच असं नाही. बाहेर पायरीवर फिलूमायने त्यांना गाठलं.

“बाबा, काईनाचं सांगितलंत, आबेलचं सांगितलंत. एवाचं काय?”

“एवाचं?”

“त्यांची आई ना ती? त्या दिवशी तिने चूल पेटवली का नाय? पेटवली तर कुणासाठी रांधलं?”

बाबा गडबडले. शास्त्रात त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणाले. मग धीर द्यायला म्हणाले, “देवाने तिला पुढे आणखी एक मुलगा दिला.”

“मना नको आणखी,” फिलूमाय म्हणाली. “माझे दोनच होते.” आणि ती चालू लागली.

मला राग आला होता, बाबांचा नव्हे, त्या पुस्तकाचा. खुनाची एवढी चौकशी करतं, देव स्वतः येऊन विचारतो की तुझा भाऊ कुठे आहे, आणि आईला कोणी एक शब्द विचारत नाही. मी तसं म्हटलंही. तर फिलूमाय माझ्यावरच डाफरली. “लिहिलं नाय म्हणजे देवाला माहीत नाय असं हाय का? तू गप.”

खटला उभा राहिला तेव्हा तिचा भाऊ जाकू वकिलाला घेऊन घरी आला. वकिलाने तिला समजावलं ते फळ्यांमुळे आम्हालाही समजलं. बाई, तुम्ही एकट्याच साक्षीदार. एवढंच सांगा की धाकटा विळा हिसकवायला धावला, झटापट झाली आणि लागला. मुलगा सुटेल.

“तो धावला नाय,” फिलूमाय म्हणाली.

“फिलू,” जाकू म्हणाला, “एक गेला. दुसरा तरी ठेव. देव काय तुला फाशी देणार हाय एका शब्दासाठी?”

मग ती म्हणाली, “जाकू, मी एकच शब्द खोटा बोलले. ‘नाय’ म्हटलं. एवढाच शब्द, आणि एक पोर मातीत गेलं. आता मना दुसरा शब्द शिकवू नको.”

“मग पोराला स्वतःच्या हाताने आत घाल!”

“तू चहा पी आणि जा.”

कोर्टात तिने सगळं सांगितलं. विळा कोणी उगारला ते, आणि मिंगेल कुठे बसून राहिला ते. कोणी विचारलं नव्हतं तरी स्वतःच्या अंगठ्याचं आणि स्वतःच्या ‘नाय’चंही सांगितलं. ते सांगताना तिचा आवाज क्रुसापुढे असायचा तसाच होता. नंतर वकील म्हणाला की त्या अंगठ्याच्या गोष्टीमुळेच शिक्षा कमी झाली, एकाएकी डोकं फिरलं हे न्यायाधीशांना पटलं. पण मिंगेलला ते कोण समजावणार? त्याने एवढंच ऐकलं की आपल्या आईने बोट दाखवून सांगितलं, यानेच मारलं. बेड्या घालून नेताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

गावानेही तिला सोडलं. “आई हाय का कोण?” असं बायका तिला ऐकू जाईल इतपत हळू म्हणायच्या. त्यांच्याकडे उन्हाळ्यात घराघरांतून बाटलीचा मसाला कुटतात. बायका एकत्र जमून लाकडी उखळात लांब मुसळांनी मिरच्या कुटतात, गातात, आणि वर्षाचा मसाला बाटल्यांत ठासून भरतात. त्या वर्षी फिलूमायच्या उखळापाशी कोणी आलं नाही. शेवटी मी पदर खोचून गेले. मला ते जमत नव्हतं. शिंकून शिंकून माझं नाक भोपळ्याएवढं झालं. ती म्हणाली, “मास्तरीणबाय, तू बाजूला हो, नायतर मसाल्यात कोकणचं पाणी मिसळेल.” आंतोन गेल्यापासून तिच्या तोंडून निघालेली ती पहिली गंमत. मी नाक पुसत हसले आणि मग रडले. ती कुटत राहिली.

एवढं होऊनही क्रुसापुढची जागा मात्र कोणी तिच्याकडून घेतली नाही. सगळ्या प्रार्थना तोंडपाठ असलेलं दुसरं कोणी नव्हतं. ती ओळ गाळू लागली ती याच सुमाराला. गावाने आपल्या परीने अर्थ लावला: पोराला क्षमा करत नाही, दगड आहे. सांत आंतोनचा पुतळाही आंतोन गेला त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून होता. त्याचा अर्थ गावाने मायेचा लावला. बिचारी हरवलेली पोरं परत मागते आहे, म्हणाले. दोन्ही अर्थ मलाही बरोबर वाटत होते.

दर महिन्याला ती ठाण्याच्या तुरुंगात जायची. एकदा मी सोबत गेले. बाकावर बसायचं, नाव पुकारलं की आत जाळीपाशी जायचं. तिचं नाव पुकारलं, ती गेली, आणि तशीच परत आली. मिंगेल बाहेर यायला नाही म्हणाला होता. असं दर वेळी होतं हे मला तोवर माहीत नव्हतं. ती शिपायाला म्हणाली, “बाबा, त्याला एवढं सांग, विहिरीपाशी भात लावलाय.” शिपाई हसला. पण सांगितलं असावं त्याने.

परतीच्या बसची वाट बघताना मला राहवलं नाही. म्हटलं, “फिलूमाय, इतकी येतेस त्याच्यासाठी. मग ती एक ओळ म्हणायला एवढं जड का जातं? कर ना क्षमा मिंगेलला.”

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वर्गातली ढ पोर असावी.

“मिंगेलला? त्याच्या हातातून विळा काढून घेतला ना, तवाच केली. देवाने पण काईनाला मारलं नाय. कपाळावर खूण केली, कोणी मारू नये म्हणून. माझ्या पोराला सरकारने कैद्याचा बिल्ला दिला. तीच खूण ती.”

“मग कुणाला?”

“आंतोनला.”

बस आली नि गेली. आम्ही उठलो नाही.

“माझ्या तोंडून त्याने खोटं काढलं,” ती म्हणाली. “आणि मग भावासमोर हसत हसत माझंच नाव घेतलं. आणि मेला. मेलेल्यासाठी सगळा गाव रडतो. मी पण रडते, माझा धाकटा तो. पण माफी मागायला तो येणार हाय का? त्याने मागितली नाय तर मी कुणाला देऊ? आणि दिली नाय तर देवासमोर ‘क्षमा करतो’ म्हणून कसं सांगू? परत खोटं?”

तेव्हा कुठे मला भिंतीकडे तोंड केलेल्या त्या पुतळ्याचा अर्थ लागला. ती काही मागत नव्हती. तिने एका आंतोनची शिक्षा दुसऱ्याला दिली होती, पहिला आता हाताशी नव्हता म्हणून. गावात मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दगड म्हणणाऱ्यांनी आणखी वाईट काही म्हटलं असतं.

शेताच्या जागी इमारत उभी राहिली. फिलूमाय घरामागे, विहिरीच्या सांडपाण्यावर, खाटेएवढ्या तुकड्यात दर वर्षी भात लावायची. आगेरा आला की तो तुकडा पिवळाधमक उभा असायचा. गावात कुणाचंच शेत उरलं नव्हतं, पेंढ्या वसईहून आणायच्या. लोक म्हणायचे, फिलूमाय, तुझा घरचा भात आहे, देवाला दे की. ती म्हणायची, “कापणारा आत हाय.” आणि कुणालाही हात लावू द्यायची नाही. दाणे पिकून गळायचे, चिमण्या खायच्या, काड्या काळ्या पडायच्या. वर्षामागून वर्ष हे बघताना मला चीड यायची. एवढा अट्टहास कशासाठी, तो तर तोंड दाखवायलाही तयार नाही.

दशक संपत आलं तेव्हा तो सुटला. घरी येईल का, हे तिलाही माहीत नव्हतं. सुटायचा दिवस उलटला, आठवडा उलटला. गावात बोलणं झालं की तो वसईकडे कुठेतरी काम शोधतो आहे. आगेराच्या आदल्या दुपारी फिलूमाय दारात बोंबील साफ करत बसली होती आणि मी तांदूळ निवडत होते. समोर कापडी पिशवी घेतलेला एक म्हातारा येऊन उभा राहिला. मिंगेल होता. केस पांढरे, खांदे पडलेले.

फिलूमायने वर पाहिलं. बोंबील हातातच.

“जेवलास?”

“नाय.”

ती आत गेली आणि चूल पेटवली. एवढंच झालं. मी माझं सूप उचलून आत आले. फळ्यांपलीकडून नुसता भांड्यांचा आवाज येत राहिला. एकदा तेवढं मिंगेलचं बोलणं ऐकू आलं. “सांत आंतोन भिंतीकडं का?” आणि तिचं उत्तर, “राहू दे.”

सकाळी तिने विहिरीच्या कठड्यावर नवा विळा ठेवला. बाजारातून कधी आणला होता देव जाणे, मुठीला फडकं गुंडाळलेलं. मी माझ्या मागच्या दारात उभी होते. मिंगेल आला, भाताकडे पाहिलं, विळ्याकडे पाहिलं. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. पुन्हा केला. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस निघून जाणार.

मिंगेल गुडघ्यांवर बसला. दोन्ही हातांनी भाताचा एक झुबका धरला आणि मुळासकट उपटला. मग दुसरा, मग तिसरा. चिखल उडत होता, तो उपटत होता. फिलूमायने विळा उचलून लुगड्याच्या घडीत घेतला, दिसू नये असा. पेंढी तिने बांधली. रिबीन नव्हती, सुंभ होता.

देवळात वसईच्या पेंढ्या ओळीने मांडल्या होत्या, रंगीत रिबिनी लावलेल्या. त्यांच्या शेवटी फिलूमाय मुळांना माती लागलेली ती पेंढी घेऊन उभी राहिली. लुगड्यावरून चिखलाचे ओघळ. कोणीतरी म्हणालं, अगं निदान धुऊन तरी आणायचीस. पाद्रीबाबा, तेच जुने, तिच्यापाशी आले आणि थांबले. मिंगेलकडे त्यांनी पाहिलं असावं. मग त्यांनी चिखलावर पाणी शिंपडलं.

संध्याकाळी सगळे क्रुसापाशी जमले. मीही मागे उभी राहिले. आमचं मुलुंडला घर झालं होतं, आठवड्याने आम्ही जाणार होतो. फिलूमाय नेहमीच्या जागी, आणि तिच्या शेजारी, एक हात अंतर सोडून, मिंगेल. गावाने त्यांच्याभोवती थोडी जागा मोकळी ठेवली होती. प्रार्थना सुरू झाली. आवाज थकला होता, पण शब्द शाबूत होते. ‘आमच्या अपराधांची आम्हांला क्षमा कर’ असं ती म्हणाली, आणि तिच्या मागोमाग मिंगेलही म्हणाला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज मी पहिल्यांदा क्रुसापुढे ऐकत होते. आता ती म्हणेल, असं मला वाटलं. आज तरी.

तिने तोंड मिटलं. मिंगेलनेही मिटलं. कुणासाठी, ते मला कळलं नाही. आईसाठी, भावासाठी की स्वतःसाठीच, मी कधी विचारलंही नाही. दोघे एकमेकांकडे न बघता ओठ घट्ट धरून उभे होते. बाकी सगळं गाव नेहमीसारखं मोठ्याने म्हणालं, ‘जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो.’ मीही म्हटलं. एवढ्या वर्षांत मला ती ओळ पाठ झाली होती, आणि म्हणताना काहीच जड गेलं नाही.